तिवईवरचा सेनापती

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारणीकडं बघू नका! काम तुम्ही केलंत आणि नाव झालं दुसऱ्याचं — तर किती दिवस गप्प बसाल? एक? दोन? हे आमचे पेटीवाले दामूअण्णा. गेल्या वर्षी या मंडपाच्या पताका शिडीवर चढून यांनी लावल्या, आणि आभार झाले भलत्याचेच! तेव्हापासून अण्णा सूर एक पट्टी वर लावतात. हसता काय अण्णा, वाजवा!

तर या प्रश्नासाठी आज तुम्हाला जरा लांब नेतो. मॅसेडोनियाला! सिकंदराचा मुलूख, पण सिकंदर जन्मायच्या कितीतरी आधी. राजा थेरास, आणि त्याचा सेनापती कलिमोन. इतिहासात शोधू नका, सापडायचे नाहीत — ही माणसं माझ्या पदरची. पण आता सांगतो ती रीत मात्र तिथली, बरं का!

रीत कसली? जेवायची! आपण मांडी घालून बसतो. ते लोक मेजवानीला आडवे व्हायचे — कोचावर कोपर टेकून, लोळत! ठसका कसा लागत नसेल, देव जाणे. पण लोळायचा मान कुणाला? ज्यानं जाळं न लावता, समोरासमोर भाल्यानं रानडुक्कर मारलं, त्याला. बाकीच्यांनी ताठ बसून जेवायचं.

आणि आमचा कलिमोन? साठ वर्षांचा, अंगावर सतरा जखमा, पाठीवर एकही नाही! तो कुठं? तिवईवर! कालची पोरं कोचावर पसरलेली, आणि हा म्हातारा खांबासारखा ताठ. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "बसून पचतं चांगलं!" पण मंडळी, खोटं कशाला बोलू? त्यालाही वाटायचं हो. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसारखं कोपर टेकून जेवावं!

मग डुक्कर मारलं का नाही? मारलं होतं! तीस वर्षांपूर्वी. थेरास तेव्हा नुसता राजपुत्र. शिकारीत डुक्कर अंगावर आलं, याचा पाय घसरला, भाला एकीकडं, हा एकीकडं! कलिमोन मधे उडी मारून पडला. डावखुरा माणूस — डाव्या हातानं एकच घाव! डुक्कर गार! मागून माणसं धावत येतायत. आता ज्याला डुक्कर मारता आलं नाही, त्याला राजा कोण मानणार? कलिमोननं आपला भाला त्याच्या मुठीत दिला आणि ओरडला, "राजपुत्रानं मारलं!"

संपलं. त्या दिवशी राजपुत्र कोचावर गेला, आणि कलिमोन तिवईवर. पुढं प्रत्येक शिकारीत हा राजाच्या पाठीशी उभा. स्वतःची शिकार करायला पाठ सोडावी लागते ना! ती यानं सोडली नाही.

आता ऐका! लढाईला निघायचा दिवस. भर दुपारी सैन्य गोळा झालेलं. तिथं साध्या शिपायालाही शिरस्त्राण काढून राजाला तोंडावर बोलायचा हक्क. ड्रोमोन नावाचा एक सरदार पुढं आला. नवा, तालेवार, तोंडाळ! शिरस्त्राण काढलं आणि म्हणाला, "राजा, ज्याला साधं डुक्कर मारता आलं नाही, त्याच्या हुकमावर आम्ही मरायचं? काढ त्याला!"

कलिमोनच्या कानशिलात घाव घातल्यासारखं झालं. एक वाक्य — एकच वाक्य बोलला असता तर सेनापतीपण वाचलं असतं. पण राजाचं काय झालं असतं? त्यानं राजाकडं पाहिलं. राजा पांढराफटक! म्हाताऱ्यानं शिरस्त्राण काढलं, सेनापतीची काठी जमिनीवर ठेवली. "ड्रोमोन म्हणतो ते रीतीला धरून आहे," म्हणाला, "मला मागच्या रांगेत भाला द्या." डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

आणि राजा ओरडला, "थांब कलिमोन!" मुकुट काढून हातात घेतला. "ते डुक्कर मी मारलं नाही! यानं मारलं! तीस वर्षं मी याच्या जागेवर लोळतोय. आता हवं तर मला काढा!"

काय झालं असेल मंडळी? सैन्य उसळलं? दगड आले? अहो, मागच्या रांगेतून हसू आलं! एक पांढऱ्या मिशांचा शिपाई शिरस्त्राण काढून पुढं आला. "महाराज, ते डुक्कर सोललं कुणी? मी! घाव त्याच्या उजव्या खांद्यात. समोरून तिथं घाव डावखुराच घालणार. आणि आपल्यात डावखुरा एकच! सगळ्या छावणीला ठाऊक आहे!"

"मग बोलला का नाहीत?" राजा.

"सेनापती गप्प, म्हणून आम्ही गप्प!"

अहाहा! ढालींवर भाले असे वाजले म्हणता, टाळ-मृदंग मागं पडावेत! राजाला कुणी काढलं नाही, ज्यानं मुकुट काढून खरं सांगितलं त्याला कोण काढतो? पुढच्या मेजवानीला राजानं कलिमोनला हाताला धरून आपल्या कोचावर निजवलं. म्हाताऱ्यानं कोपर टेकलं, पहिला घास घेतला — आणि लागला ठसका! तीस वर्षांची बसायची सवय! डोळ्यांत पाणी, दाढीत कालवण! "राजा," म्हणाला, "कृपा कर, माझी तिवई दे!" सगळे खो खो हसले. राजानं तिवई आणली. एक नव्हे, दोन! एकीवर तो, एकीवर स्वतः. ते बघून एकेक सरदार कोचावरून उठून बसला. शेवटी ड्रोमोनसुद्धा!

कळलं का? कलिमोनसारखं गप्प बसणं थोर. पण मंडळी, आपण कलिमोन नसतो हो. आपण बहुतेक कोचावर असतो! आणि आपल्याच घरात तिवईवर कोण बसलंय, हे आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक असून गप्प!

गेल्या वर्षी पताका लावल्याबद्दलचा हार कुणाच्या गळ्यात पडला होता, आठवतं? माझ्या! मी नमस्कार करून घेतला आणि गप्प बसलो. आज गळ्यातला हा हार काढतो. अण्णा, पेटी थांबवा. मान खाली करा जरा... हां! आता सूर खाली आणा, आणि बोला सगळे मिळून — हरी विठ्ठल!