तिसरी चावी

चावीवाल्याचा हात कानशीवर होता, पण कान काउंटरपलीकडच्या बापलेकीकडे होते. लेक चाकांच्या खुर्चीत बसलेली, बाप तिच्या मागे उभा. लेकीने घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं होतं आणि दुकानामागच्या खोलीत ती एकटीच राहत होती, एवढं त्याला एव्हाना कळलं होतं.

"दोन नको, तीन चाव्या करा हो."

"दोनच करा, दादा. एक माझी, एक माझ्या कारागिराची."

"आणि माझी?"

"तुम्हाला कशाला, बाबा?"

"अगं, आत एकटी असताना पडलीबिडलीस तर?"

"गेल्या महिन्यात दोनदा पडले. तुम्हाला कळलं?"

"नाही! कधी?"

"माझी मी उठले, म्हणून नाही कळलं."

"बघा हो, जीभ कशी चालते हिची!"

"जीभ घरचीच आहे."

"आणि कुलूप तरी किती खाली बसवून घेतलंस! मला कमरेत वाकावं लागतं."

"माझा हात पोचतो तिथे. आपल्या घरच्या कडीला माझा हात कधी पोचला का, बाबा?"

चावीवाल्याची कानस थांबली.

"मग मी यायचं कसं?"

"घंटी वाजवायची. हातातलं घड्याळ बाजूला ठेवून दारापर्यंत यायला मला दोन मिनिटं लागतात. तेवढं थांबायचं."

"घंटीही खालीच असेल."

"नाही. ती तुमच्या उंचीवर लावून घेतलीय."