तिसऱ्या नंबरचा कप

शर्यतीच्या मैदानावर चहाच्या रांगेत माझ्यापुढे तिघं होते: जुने निकाल जुळवणारा कॉलिन, एके काळी मोटार पळवणारा डेस्मंड आणि त्याची बायको ग्वेन.

"शहात्तरचा अख्खा हंगाम जुळला, डेस्मंड. फक्त इथली ऑगस्टची शर्यत अडलीय. दुपारच्या निकालात छोट्या गाड्यांत तिसरा तू, आणि आठवड्यानंतरच्या मासिकात रेग पिकरिंग."

"मासिकवाले काहीही छापतात! डेस्मंडचा कप आमच्या घरी आहे."

"ग्वेन, चहात साखर किती?"

"साखर राहू दे, डेस्मंड. विषय का बदलतोस?"

"संध्याकाळी गाडीचं वजन केलं. नियमापेक्षा हलकी भरली, म्हणून मला बाद केलं."

"मग कप?"

"तो दुपारीच दिला होता."

"परत नाही केलास?"

"कुणी मागितलाच नाही!"

"इतकी वर्षं मी तो घासतेय!"

"चमकतो मात्र झकास."

"आणि रेग दर नाताळला आपल्याकडे जेवतो, त्या कपाचं कौतुक करतो!"

"तो बिचारा काही बोलत नाही."

"कॉलिन, तुम्ही रेगचं नाव लिहा. या नाताळला कप त्याच्या घरी जाईल. आणि डेस्मंड, तोवर तो तू घासायचा."