वळणावरची हजेरी

सर: बोलवा ना तिला बाहेर. रागवायला आलो नाही मी. दोनदा प्रॅक्टिकल बुडवलं, फोन उचलत नाही. म्हटलं, आपणच जाऊन यावं.

आई: कुणाला बोलवू?

सर: तुमच्या मुलीला. मी तिच्या कॉलेजातला सर. इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेतो, मोबाइलवर.

वडील: सर, आधी बसा. त्या पोत्यावर नको, पीठ लागेल कपड्यांना. इकडे या.

सर: वर्गाला रोज असते हो ती. पण मोटरची तार हातानं भरल्याशिवाय वाइंडिंग कसं येणार? मोबाइलवर बघून कुणी पोहायला शिकलंय का? परीक्षा तोंडावर आलीय.

आई: रोज असते?

सर: आज सकाळीही होती. नाव घेतलं की 'हजर' लिहून येतं.

आई: सर, आमची मुलगी गेली. हिवाळा सरता सरता.

सर: गेली म्हणजे? कुठे?

आई: वारली.

सर: अहो, पण आज सकाळी...

वडील: तो मी होतो.

आई: काय?

वडील: तिच्या फोनवरून मी बसतो वर्गाला.

आई: तुम्ही तर फिरायला जातो म्हणता. घरात जीव घुसमटतो म्हणता.

वडील: फिरतोच की. वळणापर्यंत.

आई: कुठल्या वळणापर्यंत?

वडील: दुसरीकडे रेंज येत नाही. तुला ठाऊक आहे.

आई: त्याच कठड्यावर बसता तुम्ही?

सर: थांबा. मला काहीच माहीत नाही. झालं काय होतं?

वडील: गावात रेंज नाही, सर. वरच्या वळणाला रस्त्याचा कठडा आहे, तिथे तेवढी येते. ती तिथेच बसून शिकायची. लाकडं भरलेला ट्रक वळला आणि कठड्याला घासत आला. ड्रायव्हर म्हणतो, हॉर्न दिला होता. असेल दिला. तिच्या कानात वायरी, त्यात तुमचा तास. मी पोचलो तेव्हा वायर सुटून फोन गवतात पडला होता. ओरखडासुद्धा नाही त्याला. तुमचा आवाज येत होता त्यातून. 'समजलं का सगळ्यांना,' विचारत होतात.

सर: मला कुणी कळवलं नाही.

आई: कुणाला सुचणार होतं?

वडील: मी कळवायलाच गेलो होतो एक दिवस. फोन चालू केला, तर तुमची हजेरी चाललेली. तिचं नाव घेतलंत. सर, या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. ही घेत नाही, मी घेत नाही. शेजारीपाजारी तर आम्ही दिसलो की विषय बदलतात. आणि तुम्ही सहज घेतलंत, जशी काही समोर बसलीय. मग लिहून गेलं माझ्या हातून, 'हजर'.

सर: मागे मी प्रश्न विचारला, तर 'हळू सांगा' असं लिहून आलं. एवढी हुशार मुलगी, मला वाटलं ढिली पडली. सगळ्यांदेखत बोललो, लक्ष कुठे आहे तुझं म्हणून.

वडील: ऐकलं ना मी. बरं वाटलं त्या दिवशी. गेलेल्या माणसाला कुणी रागवत नाही, सर. सगळे नुसते गुण सांगत बसतात.

आई: ताकास तूर लागू दिली नाहीत मला.

वडील: काय सांगणार होतो तुला?

आई: ही गिरणी बघा, सर. ती होती तेव्हाच मोटर जळाली. लोक धान्य घेऊन येतात आणि तसेच परत जातात. मिस्त्रीला बोलवा म्हटलं की हे म्हणतात, बघू. ती म्हणायची, 'बाबा, घरातच मिस्त्री जन्माला घातलाय तुम्ही, जरा दम धरा.' अशी जीभ तिची.

वडील: थोडं थोडं कळायला लागलंय मला. तार कशी भरायची ते.

आई: काही कळायला नको. सर, तिचं नाव काढून टाका.

वडील: अगं...

आई: रस्त्याकडे पाठ करून बसत असतील हे. तिच्यासारख्याच वायरी कानात. मला एकच माणूस उरलाय, सर.

सर: मला कॉलेजात सांगावंच लागेल, काका. नाव ठेवता येणार नाही.

वडील: हो. बरोबर आहे ते.

(सर उठून बंद मोटरीजवळ जातात.)

सर: रविवारी येऊ का मी? मोटर उघडू. तार तुम्हीच भरा, मी शेजारी बसतो.

वडील: या की. सर, उद्या एकदाच घ्याल नाव? परवापासून नका घेऊ.

सर: घेईन.

आई: किती वाजता असतो वर्ग?

सर: नऊला.

आई: मीही येते.

वडील: तू कशाला? केवढा चढ आहे, आणि तुझे गुडघे...

आई: येते म्हटलं ना. रस्त्याकडच्या बाजूला मी बसेन.