जमनाच्या नंबरचं पुस्तक

आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ वाहत, मी यष्टीत पुस्तकं वाहिली, एवढाच काय तो फरक, ताई. जन्म तांड्यातलाच, बाभुळगावापासून दोन कोसावर. शाळा चौथीपर्यंत, अन् तेवढ्यावर वाचनालयात शिपाई लागलो, झाडू मारा, कपाट पुसा, अन् मंगळवारी थैली घेऊन निघा.

आता थैली कायची, तं सांगतो. आमच्या भवतालची चार वाचनालयं, चारही गरीब, म्हनून सगळ्यायनं मिळून ठरवलं का जाडं पुस्तक असलं तं एका गावानं पयला भाग घ्यावा, दुसऱ्यानं दुसरा, अन् थैलीतून फिरवावे. ज्याले पाह्यजे त्यानं रजिस्टरात नाव लावाचं, नंबर आला का पुस्तक त्याच्या घरी. नंबर मंजे नंबर. एकदा सरपंचानं मानूस धाडला, म्हने पयले आमाले दे, मी म्हनलं नाई जमत. लय ताठा होता मले त्या गोष्टीचा, काय सांगू तुमाले.

माही बायको जमना, सातवी शिकलेली. वाचाचा नाद तिले, मी नुसता वाहनारा. एका पोरीची चार भागाची कादंबरी होती, तिचे तीन भाग तिनं चुलीजवळ बसून वाचले, भाकर करपली तरी भान नाई, मी चिडो, ती हासे. चौथ्यासाठी नाव लावलं, अन् मंग आजारी पडली. यवतमाळच्या डाक्टरनं सांगतलं, घरी न्या, जे खाईन ते खाऊ द्या. समजलो आमी. तीबी समजली.

त्या मंगळवारी चौथा भाग माह्या थैलीत होता. एका गावाहून आनला, दुसऱ्या गावच्या मानसाले द्याचा होता, मधात घर लागते म्हनून जेवाले थांबलो. जमनानं बाजेवर पडल्या पडल्या थैली पाह्यली. म्हने चौथा भाग आहे का त्याच्यात. म्हनलं हो. म्हने आठ दिवस ठेवा ना. मी म्हनलं तुह्या आंधी एक नंबर आहे, त्याचा झाला का तुहाच. रुसली नाई. म्हने बरं, नका ठेवू, पन त्या पोरीचं शेवटी काय होते एवढं तं सांगा, तुमीच नेता-आनता ना. मी कुठं वाचलं होतं, ताई? शेवटचं पान उघडून तिच्या हाती द्यावं, हेबी सुचलं नाई. म्हनलं मले काय मालूम, अन् दोनची गाडी पकडली.

त्याच पंधरवड्यात गेली जमना.

तेरवीनंतर त्या मानसानं पुस्तक वापस केलं. इचारलं कसं वाटलं, तं म्हने कापूस वेचनीत उघडाले टाइमच नाई भेटला. मी पुस्तक जमा करून घेतलं, नंबर त्याचाच होता. रजिस्टरात पुढचं नाव जमनाचं, मीच लिहेलं होतं. तिच्या मांगं कोनाचंच नाव नाई, म्हनून पुस्तक घरी आनलं.

आता रोज आंगनात बसून वाचतो, एकेक अक्षर लावत, मोठ्यानं. लोक म्हन्ते म्हातारं बयाडलं, येडं झालं. म्हनो बापडे. दोनदा वाचून झालं. त्या पोरीचं शेवटी काय होते ते पुरं पाठ आहे मले. तुमी वाचली का ते कादंबरी? नाई? मंग उठू नका, ताई, देव तुमचं भलं करो, घडीभर बसा. कोनाले तरी सांगू द्या मले.