अजून थोडी मागे

(दुपार. चिमी पलंगावर झोपली आहे. तिच्या पायाशी, तिच्याच जुन्या दुपट्यावर, दुकानातून पारखायला आणलेल्या कॅमेऱ्याच्या दोन जुन्या लेन्स, एक काळी, एक पांढरी. खोलीत चिडीचूप. मग – टप्!)

नणंद – ऐकलंस, वहिनी? हिच्या पोटात काहीतरी सुटं झालंय.

वहिनी – अगं, मोरीतला नळ आहे तो.

नणंद – मग मी इतका वेळ कुणाचे ठोके ऐकतेय?

वहिनी – तुझेच असतील. काढ तो स्टेथोस्कोप. लेन्स आहे ती, पेशंट नाही. आणि हळू बोल, चिमी उठेल.

नणंद – सेकंडहँड वस्तू म्हणजे पेशंटच. दुखणी लपवूनच येतात. नर्सला शिकवू नकोस. आता ही काळी बघू... अय्या! खाली धरली तर हिचं नाक लांब झालं! आपोआप!

वहिनी – झूम सैल पडलाय. वापरून वापरून होतं तसं. फोटोला काही होत नाही.

नणंद – गुणी आहे गं. हलकी, नाकासकट.

वहिनी – पांढरीत टॉर्च मार. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय? ती बुरशी. असली तर सरळ परत.

नणंद – बुरशी नाही. धूळ आहे जराशी, ती तर तुझ्या शोकेसमध्येही आहे. पण वजन बघ हिचं! आमच्या वॉर्डातून एवढ्या वजनाची पोरं घरी सोडतात.

वहिनी – आण इकडे. खरंच गं. चिमी जन्मली तेव्हा अश्शीच लागायची खांद्याला.

नणंद – वहिनी.

वहिनी – काय?

नणंद – थोपटतेयस तू तिला.

वहिनी – छे!

नणंद – थोपटतेयस! लेन्सची ढेकर काढतेयस!

वहिनी – हसवू नकोस गं, पोट दुखायला लागलं... श्श्! कूस बदलली तिनं. चल, खिडकीशी. पांढरी कॅमेऱ्याला लावून बघू.

नणंद – टाकीवर काय बसलंय ते? पिशवी?

वहिनी – थांब, घुर्रर्र करून फोकस शोधतेय ही... आला! बगळा! अगं, चोचीला चिखल लागलाय त्याच्या! आणि डोळ्याभोवतीची पिवळी कड... बघ ना, बघ!

नणंद – दे. मला तर वकीलसाहेब दिसतायत.

वहिनी – कुठे?

नणंद – टाकीखाली, गच्चीवर. चड्डीवर. दोरीच्या उड्या मारतायत. मिशा वर, पोट खाली. पोट वर, मिशा खाली!

वहिनी – आण, आण! ...अगंबाई, ते आपल्याकडेच बघतायत!

नणंद – वाक! पडद्यामागे!

वहिनी – पाय तुडवलास माझा, माकडे!

नणंद – पांढरीच घे. ठरलं. काळीतून मिशा दिसल्या नसत्या.

वहिनी – ठरलं काय लगेच? काळीत झोपाळ्यावरची चिमी येते, वाढदिवस येतात. घरापुरती पुष्कळ झाली. पांढरी घेतली की तळ्यावर जावंच लागेल.

नणंद – जावंच लागेल म्हणे! बोलावलंय तळ्यावाल्यांनी तुला. पक्षीमोजणीला फोटो काढायला तूच हवीस म्हणाले ना? चिमीच्या आधी आठवडा आठवडा चिखलात बसायचीस. घरी यायचीस तेव्हा फक्त दातांवरून ओळखू यायचीस.

वहिनी – तेव्हा माझ्या कुशीत शिरल्याशिवाय न झोपणारं घरी कुणी नव्हतं. दादा तुझा तसाही घोरत पडायचा. एक रात्र सोडलं नाहीये गं मी तिला अजून.

नणंद – दादा आहे, मी आहे. तू लेन्स निवडत नाहीयेस, वहिनी. जायचं की नाही, ते निवडतेयस. आणि संध्याकाळी यातली एक दुकानात परत न्यायचीय मला.

वहिनी – त्या बगळ्याच्या डोळ्याची कड दिसली गं मला. विसरले होते मी, किती हरखायला होतं ते.

नणंद – मग?

वहिनी – पांढरी. पांढरी, पांढरी, पांढरी! दुकानात फोन कर, माझं मन फिरायच्या आत. आणि तळ्यावाल्यांनाही सांग, येते म्हणून!

चिमी – कुठे येतेस?

नणंद – घ्या. उठल्या बाईसाहेब.

चिमी – कुठे, आई?

वहिनी – तळ्यावर, राणी. पक्ष्यांचे फोटो काढायला. थोडे दिवस फक्त. ये, पहिला फोटो तुझा काढू. हस बघू!

चिमी – मला दाखव. ...ई! ही कोण? धूरच आहे नुसता.

वहिनी – तूच ती. अगदी जवळ आलीस ना, म्हणून. हिला लांबचं छान दिसतं, जवळचं दिसत नाही.

नणंद – म्हणजे चाळिशी लागलीय हिला! तरी म्हटलं, काहीतरी दुखणं असणारच.

वहिनी – जरा मागे हो, चिमे. अजून थोडी. कपाटाला टेक.

चिमी – आता?

वहिनी – नाक उमटलं. अजून मागे. दाराबाहेर जा.

चिमी – आता?

वहिनी – आता! आता गं! एकेक पापणी दिसतेय. गालावर उशीची घडी उमटलीय, तीसुद्धा! पळत ये, बघ.

चिमी – ही मी? किती छान आलेय!

नणंद – लांब गेलीस ना, म्हणून.

चिमी – आई...

वहिनी – काय गं?

चिमी – मग तू तळ्यावर गेलीस की मी तुला आणखी छान दिसेन?