न धुतलेला शर्ट

बोलोन्याच्या बसमध्ये एर्सिलियाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण कान मात्र पुढच्या सीटवरच्या दोघी मैत्रिणींकडे.

“फुल्विया, जूनमध्ये गळ्यापर्यंत कोट? बरं नाही का गं?”

“पाळणाघराच्या बाईंचा आहे. आजपासून मी परत कामावर ना, एलिओ पाळणाघरात! त्या म्हणाल्या होत्या, आईचा न धुतलेला शर्ट आणा, त्या वासावर बाळ झोपतं. मी काल काढून ठेवला, तर सासूबाईंनी धुऊन, इस्त्री करून पिशवीत घातला!”

“अगं बाई! मग?”

“मग काय, अंगातला काढून दिला.”

“इस्त्रीचा घालायचास की!”

“घातला होता. एलिओनं लगेच त्यावर दूध ओकलं. पिशवीत आहे.”

“शी! आण, ऑफिसात धुऊन टाकू.”

“हात लावू नकोस! मला संध्याकाळपर्यंत पुरवायचाय तो वास.”