मायच्या लुगड्याचा दांड

काय सांगू भाऊ तुमाले, आमी कोरपन्याकडचे. आज्याचा माग होता घरी, जाडंभरडं कापड विने तो, मंग माग गेला न् सारं घर दुसऱ्यायच्या वावरात कापूस येचाले लागलं. मायपाशी दोनच लुगडी. मधात इरलं का ते कापाचं न् धड राह्यलेले दोन तुकडे जोडून शिवाचे, त्या जोडाले दांड म्हनते. माय तो दांड निऱ्यांत असा दाबे का शेजारनीलेयी दिसू नाई.

मांगच्या साली गडचांदूरच्या विहारात नागपूरची एक ताई आली, भितीवर टांगाचं विनकाम शिकवे, चित्रच म्हना, फक्त सुताचं. मी म्हनलं बाप्पा, भितीले कायची थंडी वाजते? हासली ते. पन माह्या हातात आज्याचा हात असन, जमलं मले. मायनं जुनं लुगडं देल्लं होतं, नातवाले वाकळ शिव म्हने. मी त्याच्याच पट्ट्या फाडून विनल्या, दांडाचा तुकडा फेकाले गेली तं ताई म्हने, थांबा ना मावशी, हाच तर जीव आहे ह्याचा, मधोमध अख्खा राहू द्या. मलेयी बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. मायले इचारलं नाई.

नागपूरले प्रदर्शन लागलं, मायले नवं पातळ नेसवून नेलं मी, हौसेनं. मोठा हाल, पांढरी भित, वरून लाईट सोडला बरोबर दांडावर. माय पाहातच राह्यली. वाकळीत आत गेला असता तो, कोनाले दिसला नसता. मंग माय भितीपाशी गेली न् दांडाले पाठ लावून उभी राह्यली. मी म्हनलं माय, सरक, लोकायले पाहू दे. म्हने, मी नाई सरकत. बसली नाई, पानी पेली नाई, हाल बंद होयेपर्यंत उभी. लोकायले वाटलं हे बी त्यातलंच, वा वा करून राह्यले, तिचे फोटो काढून राह्यले, न् मले धरतीनं पोटात घ्यावं असं झालं. माह्यीच लाज वाटली मले भाऊ, अजून वाटते.

ते इकलं, पुन्याकडं कोनाच्या बंगल्यात लागलं म्हनते. मी विनते अजून, पन बाजारच्या सुताचंच. माय आता थकली, डोळ्यानं कमी दिसते, पन जेवता जेवता मधातच इचारते, काऊन वं, त्यायच्या घरी पाहुने लय येते का? मी सांगते, नाई वं माय, बंदच राह्यते ते घर. बरं हाय मंग, म्हने, न् पदर सारखा करते.